तुटलेला तुकडा भंगारात घालू नका

डिसेंबर लागला की खानदेश-विदर्भाच्या पट्ट्यात रात्रीच्या गस्तीची ड्यूटी सुरू होते. अखंड जोडलेला रूळ थंडीत आखडू पाहतो, स्लीपर त्याला आखडू देत नाहीत, आणि तो ताण रुळातच साठून राहतो. वर्षानुवर्षे पोटात वाढत आलेली भेग मग एखाद्या पहाटे रूळ आरपार तोडते. गस्तवाल्याला फट दिसते, तो गाडी अडवतो. जॉगल्ड फिशप्लेट आणि क्लॅम्प बसतात, ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागते, ब्लॉक मिळाला की तेवढा भाग कापून नवा घातला जातो. हे काम आपली माणसे कडाक्याच्या थंडीत, अपुऱ्या उजेडात, चोख करतात. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल. कापून काढलेला जुना तुकडा पुढे कुठे जातो?

अनेक ठिकाणी तो रुळाच्या कडेलाच पडून राहतो. एका पावसात त्याच्या तुटक्या तोंडावर गंज चढतो आणि पुढच्या लिलावात तो भंगाराबरोबर निघून जातो. रजिस्टरात तारीख, किलोमीटर, वेळ यांची नोंद होते आणि कारणाच्या रकान्यात ‘अचानक तुटला’ असा शेरा पडतो. हा शेरा चुकीचा आहे. थकव्याने तुटणारे पोलाद अचानक तुटत नसते, हे आपल्या क्षेत्राला दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

आणि ते ठाऊक झाले ते रेल्वेमुळेच. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायचा राजोत्सव पाहून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा एक्सल म्यूदाँजवळ तुटला. डबे एकमेकांवर आदळले आणि पेटले. प्रवाशांनी चालत्या गाडीतून उतरू नये म्हणून डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद करण्याची तेव्हा पद्धत होती. पन्नासहून अधिक माणसे गेली. दक्षिण ध्रुवाकडचा सागर धुंडाळून आलेले दर्यावर्दी द्युमाँ द्यूर्व्हिल त्यांतच होते. त्या काळी सर्वमान्य समजूत अशी की हादऱ्यांमुळे लोखंडाचे आतल्या आत स्फटिक होतात आणि मग ते ठिसूळ होऊन एकदम मोडते. स्कॉटलंडच्या रँकिनने मोडलेल्या एक्सलांची तोंडे नीट पाहिली आणि १८४३ मध्ये मांडले की मोडतोड कडेपासून हळूहळू आत सरकत जाते. एक्सलची जाडी जिथे एकदम बदलते त्या खाचेत ती सुरू होते, म्हणून तिथे गोलाई ठेवावी. आज आपल्या प्रत्येक एक्सलवर ती गोलाई असते.

रँकिनच्या पुढे गेला तो ऑगस्ट व्योलर. त्याच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तो आपल्यापैकी होता. विद्यापीठातला प्राध्यापक तो नव्हता. लोअर सिलेशिया-मार्क रेल्वेत, ओडर नदीकाठच्या फ्रँकफर्टला, डबे-इंजिनांची देखभाल त्याच्याकडे होती. एक्सल मोडले की जाब त्याला द्यावा लागे. धावत्या गाडीखाली एक्सल खरोखर किती वाकतो हे कुणालाच माहीत नव्हते, म्हणून त्याने एक साधे उपकरण तयार करून एक्सललाच जोडले. वाकण्याचा ओरखडा जस्ताच्या पट्टीवर उमटे. मग त्याने एक्सल फिरवत ठेवून वाकवणारे यंत्र बांधले आणि वर्षानुवर्षे नमुने मोडत राहिला. १८७० पर्यंत त्याचे निष्कर्ष जगासमोर आले. पोलाद एका झटक्यात जेवढा ताण सोसते त्याच्या कितीतरी कमी ताणाने, पण तो पुन्हा पुन्हा येत राहिला तर, ते मोडते. ताणाच्या कमालपातळीपेक्षा त्याच्या चढउताराचा पल्ला अधिक महत्त्वाचा. आणि एका मर्यादेखाली हा पल्ला राहिला तर एक्सल मोडतच नाही. विमानापासून कृत्रिम सांध्यापर्यंत आज जे थकव्याचे गणित वापरले जाते, त्याचा पाया देखभालीच्या शेडमध्ये घातला गेला आहे. संशोधन लखनौच्या आरडीएसओत किंवा आयआयटीत व्हायचे, आपण फक्त परिपत्रकाची वाट पाहायची, असे मानणाऱ्यांनी व्योलर आठवावा.

१९९८ हे वर्ष आपण कुणी विसरू नये. ३ जूनला जर्मनीत एशेडे येथे ताशी सुमारे २०० किलोमीटरने धावणाऱ्या आयसीई गाडीच्या चाकाची पोलादी धाव तुटली. मूळची एकसंध चाके थरथरतात म्हणून चाकाचा गाभा आणि धाव यांच्यामध्ये रबराचा थर दिलेली चाके बसवली होती. प्रत्येक फेऱ्यात धाव रबरावर किंचित चपटी होई, आणि भेग सुरू झाली ती तिच्या आतल्या अंगाला. बाहेरून पाहून किंवा ठोकून ती सापडण्याजोगी नव्हती. ९२० मिलिमीटरचे चाक झिजून ८६२ वर आले होते आणि बाद करण्याची मर्यादा होती ८५४. म्हणजे कागदावर ते चाक चालण्यायोग्य होते. १०१ माणसे गेली. त्याआधी हॅनोव्हरच्या ट्रामसेवेला आपल्या तशाच चाकांत, कितीतरी कमी वेगात, भेगा आढळल्या होत्या आणि तिने ते इतरांना कळवलेही होते.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ रूळ तुटून फ्रंटियर मेलचे डबे घसरले आणि समोरून आलेली जम्मू तावी-सियालदह एक्स्प्रेस त्यांवर आदळली. दोनशेहून अधिक प्रवासी गेले. पोलादाची जात, वेग, देश, देखभालीचा खर्च यांत दोन्ही घटनांचा काही मेळ नाही. थकव्याची भेग मात्र दोन्हीकडे तीच.

मोठ्या अपघाताचे तुकडे जपले जातात. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफील्डला रूळ फुटला तेव्हा त्याचे तीनशेहून अधिक तुकडे गोळा करून क्रमाने मांडले गेले, आणि रुळाच्या आतल्या कोपऱ्यावरच्या बारीक भेगा खाली कशा वळल्या हे त्यातून समजले. चौघे गेले होते, साऱ्या देशाचे लक्ष होते. पण आपल्या कामाचे सर्वांत मोलाचे ज्ञान तिथे सापडत नाही, असे माझे ठाम मत आहे. ते सापडते जिथे कुणाला खरचटलेही नाही तिथे.

दोन उदाहरणे पाहा. ९ जुलै २००८ रोजी कोलोन स्थानकातून बाहेर पडताना आयसीई-३ गाडीचा एक्सल मोडला. वेग अगदी कमी होता, कुणालाही इजा झाली नाही. गाडी नवीन आहे, एक्सल बदला आणि पुढे चला, असे म्हणता आले असते. तसे झाले नाही. मोडलेला एक्सल प्रयोगशाळेत गेला, पोलादातील अशुद्ध कणांपर्यंत तपास पोहोचला, आणि एक्सलची अल्ट्रासॉनिक तपासणी जी ३ लाख किलोमीटरला होत असे ती आधी ६० हजारांवर आणि पुढे ३० हजारांवर आणली गेली. दुसरे उदाहरण जपानचे. ११ डिसेंबर २०१७ रोजी एका शिंकान्सेन गाडीत कर्मचाऱ्यांना जळका वास आणि वेगळा आवाज जाणवला. गाडी तरीही तीन तासांहून अधिक काळ धावत राहिली. नागोयाला थांबवून पाहिले तेव्हा बोगीची चौकट १४ सेंटिमीटर चिरली होती आणि जेमतेम ३ सेंटिमीटर शिल्लक होती. कारण कारखान्यात निघाले. दुसरा भाग नीट बसावा म्हणून पत्रा घासला होता. जिथे किमान ७ मिलिमीटर जाडी हवी तिथे ती ४.७ पर्यंत उतरली होती. एकही प्रवासी जखमी न झालेल्या या घटनेला जपानने गंभीर घटनेचा दर्जा दिला, कारण जाहीर केले आणि इतर बोग्याही तपासल्या.

आपल्याकडे रूळ तुटतो, गस्तवाला पाहतो, गाडी वाचते. ही आपली कोलोन आणि नागोया आहेत. आणि ती आपण भंगारात विकतो.

हे परवडण्याजोगे आता राहिलेले नाही, त्याचे एक कारण साध्या आकडेमोडीत आहे. २००५ नंतर मालगाड्यांचा एक्सलभार अनेक मार्गांवर २०.३२ टनांवरून २२.९ टनांपर्यंत नेला गेला. वाढ १३ टक्क्यांहून कमी. पण पॉल पॅरिसने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले की भेग वाढण्याची गती ताणाच्या पल्ल्याच्या घातांकात बदलते, आणि पोलादासाठी तो घातांक साधारण ३ असतो. बाकी सगळे तसेच राहिले आणि निव्वळ चाकाच्या भाराचा ताण धरला, तर भेग सुमारे ४३ टक्के अधिक वेगाने वाढते. यूएसएफडीची, म्हणजे रुळाच्या अल्ट्रासॉनिक तपासणीची, पाळी महिन्यांवर न ठरवता किती जीएमटी (दशलक्ष टन) भार वाहिला त्यावर ठरवणे हे म्हणूनच योग्य पाऊल होते. पण जीएमटी टनांची बेरीज करतो. तेवढेच टन हलक्या चाकांनी वाहिले की जड चाकांनी, हा फरक त्यात उमटत नाही.

दुसरे कारण आपल्या मातीचे आणि हवेचे आहे. परदेशी आलेख स्वच्छ पोलादावर काढलेले असतात. आपल्याकडे लायनरखाली रुळाच्या पायाला गंज लागून खड्डे पडतात, वर्षानुवर्षे डब्यांतल्या उघड्या शौचालयांचे पाणी त्यावर पडलेले असते, कोकणात आणि मुंबईच्या खाड्यांवर खारी हवा आहे. अशा खड्ड्यातून निघालेली भेग किती दिवसांत किती वाढते, हे सांगणारा आलेख आपल्यालाच काढावा लागेल. त्याचा कच्चा माल आपल्याच तुटक्या तुकड्यांत आहे. थर्मिट सांध्याच्या पायात, वेबच्या खाली होणारी अर्धचंद्राकार भेगही याच जातीची. वरून फिरणाऱ्या प्रोबला ती सहज सापडत नाही, आणि ती कोणत्या आकाराला पोहोचल्यावर सांधा सोडते हे तुटलेल्या सांध्याखेरीज कुणीही सांगू शकत नाही.

रेल्वे सुरक्षेवरच्या डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालातली जुने आयसीएफ डबे थांबवून एलएचबी डब्यांकडे वळण्याची शिफारस अमलात आली, जानेवारी २०१८ मध्ये पेरांबूरला जुन्या डब्यांचे उत्पादन थांबले, आणि डबे एकमेकांवर चढण्याचे प्रकार त्यामुळे कमी झाले. त्याच अहवालात संशोधनाची घडी बदलण्याबद्दलही सांगितले होते. त्या भागाची चर्चा फारच कमी झाली, याची खंत वाटते.

तुकडे गायब होण्यामागे आळसापेक्षा भीती मोठी आहे, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. सांधा सदोष निघाला तर वेल्डरवर, भेग आधीची निघाली तर यूएसएफडीच्या सुपरवायझरवर ठपका येतो. ज्याच्या हातात पुरावा त्याच्याच गळ्याशी तो येणार असेल तर पुरावा टिकणार नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तालय रेल्वे मंत्रालयाबाहेर, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे ठेवले आहे ते तपास करणारा आणि जाब देणारा वेगळे असावेत म्हणूनच. पण आयुक्त येतात ते गंभीर अपघाताला. थंडीतल्या पहाटेच्या फटीला त्यांचे संरक्षण नाही. विभागीय पातळीवर प्रयोगशाळेचा अहवाल आणि शिस्तीची कारवाई यांची फाईल वेगळी करावी, आणि अहवालाची एक प्रत मराठीत त्या गँगला मिळावी. ज्या कीमनने फट शोधली त्याला ती का पडली हे कळायलाच हवे. पुढची भेग त्यालाच दिसायची आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. तुटलेली दोन तोंडे एकमेकांवर दाबून जुळवून पाहू नका. थकव्याच्या भेगेवर, ओहोटीने वाळूवर एकामागून एक रेषा सोडाव्यात तशा कमानी उमटलेल्या असतात. भेग कुठून निघाली आणि टप्प्याटप्प्याने कशी सरकली हे त्या सांगतात, आणि एका घर्षणात त्या पुसल्या जातात. बोट फिरवू नका, पाण्याने धुऊ नका, तारेच्या ब्रशने घासू नका. कापायचा असेल तर तोंडापासून बऱ्याच अंतरावर, करवतीने. गॅसची ज्योत जवळ नेली की पोलादाची रचनाच बदलते. कोरड्या कापडात आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून, तुकडा कोणत्या बाजूच्या रुळाचा आणि गाडी कोणत्या दिशेने जाते, हे खडूने न लिहिता रंगाने लिहून ठेवा. गुंडाळण्यापूर्वी दोन्ही तोंडांची छायाचित्रे तिरप्या उजेडात घ्या. समोरून टाकलेल्या बॅटरीच्या झोतात कमानी दिसत नाहीत.

ही छायाचित्रे आमच्याकडे पाठवा. सोबत रुळाचा वजनगट आणि त्यावरचे रोलिंगचे वर्ष, वाहिलेला जीएमटी, सांधा असेल तर त्याचे वर्ष, शेवटच्या यूएसएफडीची तारीख आणि तुटला त्या पहाटेचे रुळाचे तापमान लिहा. स्टेशन, सेक्शन किंवा कुणाचेही नाव लिहू नका.