काडतुसाचा हिशेब

शस्त्रपरवान्यांविषयीची चर्चा आपल्या प्रशासनात बंदुकीभोवतीच फिरत राहते. परवाना कोणास द्यावा, एका व्यक्तीकडे किती शस्त्रे असावीत, निवडणुकीच्या काळात ती ठाण्यात कधी जमा करावीत, यांवर परिपत्रकांचा ढीग सापडेल. काडतुसाकडे मात्र कोणी फारसे वळून पाहत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर बंदूक हा साठा आहे आणि काडतूस हा प्रवाह. निगा राखलेली रायफल दोन पिढ्या टिकते. काडतूस एकदा उडाले की संपले. ज्याला हिंसेचे नियमन करावयाचे आहे त्याने साठ्याइतकेच लक्ष प्रवाहाकडे द्यावयास हवे. .३१५ बोअरच्या काडतुसाचा इतिहास हेच सांगतो.

हे मर्म ब्रिटिश राज्यकर्त्यांना ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरच्या शिकारी रायफलींवर बंदी घातली, कारण तो दारूगोळा जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरला जाण्याची त्यांना धास्ती होती. लष्कराचे .३०३ काडतूसही खासगी व्यक्तींच्या हाती पडू नये, असे त्यांचे धोरण होते. मग शिकारी, बागाईतदार आणि जमीनदार यांनी वापरावे काय? त्याचे उत्तर म्हणजे .३१५. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसावर ते बेतलेले होते. मऊ शिशाच्या टोकाची जड गोळी, मध्यम वेग, आणि रानडुकरापासून रोह्यापर्यंतच्या जनावरांना पुरेशी ताकद. पुढे ईशापूरच्या निर्माणीने ली-एनफिल्डच्या यंत्रणेवर याच बोअरची पाच फैरींची रायफल बनविली. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालीही निषिद्ध आणि अनिषिद्ध बोअर हा भेद कायम राहिला आणि .३१५ ही सामान्य परवानाधारकाची रायफल ठरली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकार संपली. पिकाचे रक्षण आणि आत्मरक्षण ही दोन कारणे उरली, आणि ती खोटी नाहीत. रोह्यांच्या कळपाने एका रात्रीत उभे पीक तुडविले की त्या कुटुंबाचे वर्ष बुडते. जून २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा परिसरात दोनशेहून अधिक रोही शासनाच्या अनुमतीने मारण्यात आले, तेव्हा केंद्रातील दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला होता. शेतकऱ्याची गरज नाकारून हा प्रश्न सुटणार नाही.

परंतु याच काडतुसाला दुसरा ग्राहक मिळाला. उत्तर प्रदेश वा बिहारमध्ये नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी वाचकांना ‘तीन सौ पंद्रह का कट्टा’ हे शब्द वर्तमानपत्रांतून परिचित असतील. गावठी कट्टा बनविणारा कारागीर आधी बाजारात काडतूस कोणते मिळते ते पाहतो आणि मग त्याच्या मापाची नळी शोधतो. म्हणूनच बहुसंख्य कट्टे .३१५ वा बारा बोअरचे असतात. शिवाय .३१५ च्या बुडाला बाहेर आलेली कड असते. त्या कडेमुळे ते ओबडधोबड नळीच्या तोंडाशीही नीट अडकून बसते. असा कट्टा कधी चालविणाऱ्याच्याच हातात फुटतो. पण गुन्हेगार तो धोका पत्करतो. न्यायालयीन निकालपत्रांत ‘८ एमएम केएफ’ अशी नोंद पुनःपुन्हा आढळते. केएफ हा पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा निर्माणीचा शिक्का. शासनाच्या कारखान्यात तयार झालेले, रीतसर विकले गेलेले काडतूस बेकायदा नळीतून सुटते, याचा अर्थ वाटेत कोठेतरी हिशेब तुटला आहे.

परवानाधारकाला आज विशिष्ट ओळख क्रमांक आहे, शस्त्राला क्रमांक आहे. सुट्या काडतुसाला मात्र स्वतःचा क्रमांक नाही. २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीमागे शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, त्याची चर्चा पुष्कळ झाली. त्याच दुरुस्तीने उत्पादकापासून खरेदीदारापर्यंत शस्त्र व दारूगोळ्याचा माग ठेवण्यासाठी नियम करण्याचा अधिकार केंद्राला दिला. माझ्या मते ती तरतूद अधिक मोलाची आहे. ब्राझीलने २००३ च्या कायद्याने शासकीय दलांच्या काडतुसांच्या बुडावर तुकडीचा क्रमांक अनिवार्य केला. आपल्याकडे नागरी विक्रीसाठीही हे करणे अशक्य नाही.

दुसरा उपाय त्याहून साधा आहे. नवी काडतुसे देताना रिकाम्या पुंगळ्या परत घ्याव्यात. असे आदेश उत्तर प्रदेशात निघालेले आहेत. अडचण अंमलबजावणीची आहे. उसाच्या फडात रात्री उडालेली पुंगळी शोधत कोण बसणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून काही टक्के सूट द्यावी. पण उरलेल्यांचा हिशेब मागावा. पुंगळी पुन्हा भरता येत असल्याने तिचे परत येणे दुहेरी उपयोगाचे आहे. दुकानदाराची नोंदवही आणि परवान्यावरील नोंद वर्षातून एकदा ताडून पाहिली तरी गळती कोणत्या तालुक्यात आहे ते दिसू लागेल.

प्रामाणिक परवानाधारकाचे यात काहीच नुकसान नाही. उलट आज प्रत्येक कट्ट्याच्या बातमीनंतर नवे परवाने रोखले जातात आणि त्याची किंमत ज्याच्या शेतात रोही शिरतात तो मोजतो. काडतुसाचा चोख हिशेब राहिला, तर त्याला परवाना देताना जिल्हादंडाधिकाऱ्याचा हात कचरणार नाही.