विम्याचा दावा करावा की करू नये?



मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा १५ व १६ तारखेला गावोगावी झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब वाकले आणि कित्येक घरांची कौले उडाली. ज्यांनी घराचा विमा उतरविला आहे, त्यांच्यापुढे अशा वेळी एक निराळाच प्रश्न उभा राहतो: नुकसानीचा दावा करावा, की निमूटपणे पदरचे पैसे खर्चावे?

समजा, अंगणातील माड पडवीवर कोसळला. कौले फुटली, दोन वासे मोडले. लागलीच दोन सल्लागार हजर होतात. एक म्हणतो, “एवढ्यातेवढ्यासाठी कशाला कागद रंगवता? पुढे हप्ता वाढेल.” दुसरा कानात सांगतो, “आता संधी आली आहे, तर स्वयंपाकघराचे जुने गळके छप्परही यातच घालून घ्या.” दोघांचेही ऐकू नये.

पहिल्याच्या मनात बहुधा मोटारीचा विमा असतो. तेथे वर्षभर दावा न केल्यास हप्त्यातील स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागावर २० टक्के सूट मिळते, ती वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि दावा केला की ती जाते. घराच्या विम्यालाही हाच नियम लागू आहे असे गृहीत धरू नये. आपल्या विमापत्रात अशी सूट लिहिली आहे काय, आणि नुकसानीतील पहिली काही रक्कम स्वतः सोसण्याची अट आहे काय, या दोन गोष्टी पाहाव्यात. दुरुस्तीला बारा हजार लागणार असतील आणि दहा हजार आपणच सोसावयाचे असतील, तर दोन हजारांसाठी खटाटोप न करणे शहाणपणाचे. पण खर्च लाखाच्या घरात जात असता केवळ भिडेपोटी गप्प बसणे आणि पुढे सावकाराच्या दारी जाणे, याला काटकसर म्हणता येत नाही. हप्ता आपण याच दिवसासाठी भरला होता. विमा हे दान नव्हे. ते घेताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

१ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात ‘भारत गृह रक्षा’ नावाचे एकसारख्या अटींचे विमापत्र सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. त्यात वादळ व पूर यांबरोबरच झाड कोसळून झालेली हानीही येते. पडलेला राडारोडा उचलण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. तथापि वर्षानुवर्षे झिजलेल्या छपराची दुरुस्ती हे विम्याचे काम नव्हे.

येथेच दुसऱ्या सल्लागाराचा समाचार घेतला पाहिजे. विम्याचा पैसा कोणा धनिकाच्या तिजोरीतून येत नाही. तुमच्याआमच्यासारख्या हजारो कुटुंबांच्या हप्त्यांतून तो साठतो. जुनी गळती वादळाच्या नावावर खपविणारा त्या साऱ्यांच्या ताटातला घास उचलतो. सातवी आज्ञा कंपनीच्या पैशाला लागू नाही, असे कोठेही सांगितलेले नाही. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही हा डाव घातक आहे: लबाडी उघडकीस आली, तर वादळात खरोखर मोडलेल्या वाशाचे पैसेही हातचे जातात.

निर्णयासाठी दोन दिवस विचार करावा. परंतु पुढील कामे मात्र त्याच दिवशी उरकावीत. काहीही हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. मग ताडपत्री घालून घर झाकावे, कारण हानी वाढू न देणे हेही विमा उतरविणाऱ्याचे कर्तव्य आहे. फुटलेली कौले फेकू नयेत. सुताराकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा आणि कंपनीला तात्काळ कळवावे. कळविले म्हणजे दावा शेवटास नेलाच पाहिजे असे नाही. खर्च थोडाच निघाला तर तो मागे घेता येतो. पण उशिरा कळविले, तर खरा दावाही लंगडा होतो. पाहणीस येणाऱ्या सर्व्हेअरला जे घडले तेच सांगावे आणि घडले तेवढेच सांगावे.

कंपनीने अन्यायाने नकार दिला, तर प्रथम तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी दाद मागावी. तेथेही न्याय मिळाला नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही व वकिलाची गरज नाही; मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे.

बहुतेक घरांत विमापत्र कपाटाच्या तळाशी, लग्नाच्या दाखल्याखाली पडलेले असते. पावसाळ्यापूर्वी एका संध्याकाळी ते बाहेर काढून पतिपत्नींनी मिळून वाचावे. इंग्रजी कळत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावे. स्वतः किती सोसावयाचे हे आधीच ठाऊक असेल, तर वादळानंतरच्या सकाळी त्या दोन सल्लागारांना दारातूनच निरोप देता येईल.