मधलं सोडा, दोन्ही टोकं बघा

गेल्या आठवड्यात ऑफिसात एका स्लो रिपोर्टपायी दोन दिवस गेले. सगळे मिळून मधला लूप घासूनपुसून लख्ख करत होतो. शेवटी निघालं काय, तर वेळ लूपमध्ये जातच नव्हता, डेटा आत येताना आणि बाहेर जाताना जात होता! तेव्हा रोचेस्टरचे लेझरवाले आठवले.

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात चुनलेई गुओ हे ऑप्टिक्सचे प्राध्यापक आहेत. उन्हाच्या उष्णतेवर वीज करणारं एक छोटं यंत्र त्यांच्या गटाने २०२५ साली दाखवलं. तत्त्व जुनंच. एक बाजू गरम, दुसरी थंड, मधे सेमीकंडक्टर. तापमानातला फरक जितका मोठा तितकी वीज जास्त. पण अशी बहुतेक यंत्रं उन्हातल्या ऊर्जेपैकी १ टक्काही विजेत बदलत नाहीत, म्हणून बरेच जण मधला सेमीकंडक्टर सुधारण्याच्या मागे.

यांनी त्याला हातच लावला नाही. गरम बाजूच्या टंगस्टनवर फेम्टोसेकंद लेझर फिरवला. हे झोत इतके क्षणिक असतात की उष्णतेला आजूबाजूला पसरायला सवडच मिळत नाही. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खाचा उमटतात आणि चकचकीत धातू काळाकुट्ट होतो. तो ऊन पितो, पण उष्णता सहजी सोडत नाही. वर प्लास्टिकचं झाकण. थंड बाजूच्या अॅल्युमिनियमवर त्याच लेझरने वेगळं कोरीवकाम, त्यामुळे ते दुप्पट उष्णता फेकतं, तेही पंख्याशिवाय. एकूण फायदा? १५ पट वीज.

मला वाटतं, घरातला उकाडाही आपण असाच मधून सोडवायला जातो. जळगावला आईबाबा सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. खोली तापते म्हणून मी एक टनाचा एसी काढून दीड टनाचा बसवला आणि कर्तव्य केल्याच्या थाटात पुण्याला परतलो. वर गच्ची काळी कळकट, दिवसभर ऊन पिणारी. लाइट गेली की एसी म्हणजे नुसता डबा. बाबा भर दुपारी जिन्यात सतरंजी टाकून बसतात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. लाज वाटली.

या एप्रिलमध्ये गच्ची झाडून चुन्याचे दोन हात मारले. अख्खी गच्ची लेझरने कोरणं आपल्याला परवडणारं नाही. पण पांढरा चुना ऊन परतवतो आणि स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडत राहतो. दरवर्षी पुन्हा लावावा लागतो, एवढंच. एसी अजून आहेच, पण बाबा आता जिन्यात बसत नाहीत.

असो. एसी किती टनाचा हे सगळेच विचारतात. तुमची गच्ची कोणत्या रंगाची आहे?