आधी छोटा हत्ती, मग दहाचाकी

नागपूरच्या महाल भागात कुणी 'ट्रक घेतोय' म्हणालं की बडकस चौकापासून गांधी गेटपर्यंत दोनच प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला असा : "काहून घर बुडवून राह्यला बे? हा धंदा सरदारजींचा, आपल्याले नाही जमत." दुसरा असा : "प्यारे खान पाय ना! स्टेशनबाहेर संत्री विकत होता, आज केवढ्या गाड्या आहेत." हातात जेमतेम चार लाख आणि गाडी चालवायचा परवाना असलेल्या पोराला या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ. फाळणीनंतर नागपुरात येऊन ज्या पंजाबी घरांनी या धंद्यात पाय रोवले, त्यांना तो काही जन्माने येत नव्हता. घरचा एक माणूस स्टिअरिंगवर, दुसरा गॅरेजमध्ये आणि तिसरा भाडं धरायला, असं माणूसबळ त्यांनी घरातूनच उभं केलं. आपण मात्र पगारी ड्रायव्हर ठेवून घरी हिशेब लिहायला बसतो आणि मग म्हणतो, मराठी माणसाला जमत नाही. बाकी 44 आणि 53 क्रमांकांचे राष्ट्रीय महामार्ग ज्या शहरात एकमेकांना छेदतात, कळमन्याचा बाजार, वाडीची गोदामं, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने ज्याच्या अंगाखांद्यावर आहेत, तिथे माल मिळत नाही ही तक्रार मला तरी पटत नाही.

आता प्यारे खान. त्यांचं कर्तृत्व निर्विवाद आहे. 2021 साली शहर ऑक्सिजनसाठी तडफडत असताना त्यांनी टँकर धावते ठेवले, हे नागपूर विसरणार नाही. पण त्यांचं नाव घेणारे एक गोष्ट गाळतात. संत्र्यांनंतर त्यांनी एकदम ट्रक घेतला नाही, मध्ये ऑटोरिक्षा चालवली. गाडी रोज काय खाते आणि गिऱ्हाईक पैसे कसे टाळतं, हे लहान गाडीवर शिकून झाल्यावर मोठी गाडी आली. अनुकरण करायचंच तर त्या रिक्षाचं करा.

पण खरा धोका चौकातल्या सल्लागारांचा नाही, 'डाउन पेमेंट तुम्ही सांगाल तेवढं' म्हणणाऱ्याचा आहे. चार लाख भरून नवी दहाचाकी दारात येते (दारात कसली, महालाच्या गल्लीत ती शिरतच नाही). तीस लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता चौसष्ट-पासष्ट हजारांचा बसतो. त्यावर 20 ते 40 टन वजनगटाचा थर्ड पार्टी विमा 2022 च्या दराने वर्षाला 43,950 रुपये, नॅशनल परमिटचे 16,500, वर ऑथरायझेशनचे हजार. गाडी अजून जागची हललेली नाही. आता हैदराबादचं भाडं धरा. अंतर पाचशे किलोमीटर, भरल्या गाडीला लिटरमागे चारचं अॅव्हरेज, म्हणजे सव्वाशे लिटर. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी एका बाजूचे 11,250 जातात. टोल, भत्ता, हमाली वेगळी. परतीचं भाडं मिळालं नाही तर तिथेच दोन दिवस उभं राहा, नाहीतर रिकामे या. ट्रान्सपोर्टर अॅडव्हान्स देतो, तो डिझेलमध्येच जातो. उरलेली रक्कम पोच जमा केल्यावर मिळणार, ती पंधरा दिवसांनी की दीड महिन्याने, हे त्याच्या मर्जीवर. हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातो. एवढ्यात एक टायरजोडी गेली की चाळीस हजारांच्या घरात खड्डा. कामं भरपूर असतानाही गाड्या ओढून नेल्या जातात त्या याच कारणाने : भाडं बाजारात अडकलेलं आणि गाडी फायनान्सवाल्याच्या यार्डात.

म्हणून माझं म्हणणं असं, की चार लाखांतले दोनच गाडीत घालावेत आणि दोन बँकेत राहू द्यावेत. पहिली गाडी जुनी घ्यावी. छोटा हत्ती, पिकअप, फार तर 407, आणि ती स्वतः चालवावी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केलंय की हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. आणि काम? मोठ्या गाड्यांना दिवसा शहरात बंदी असते. इतवारीचा किराणा, गांधीबागेतलं कापड शेवटी छोट्या गाडीतूनच हलतं, आणि दोन्ही बाजार महालाला लागून आहेत.

"छोट्या गाडीत सुटतं काय?" फार सुटत नाही, मान्य. स्पर्धाही मोप आहे. पण पाच लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी पंधरा टक्क्यांनीही घेतलं तरी हप्ता साडेसतरा हजारांच्या आत राहतो. मंदीचा महिना बाजूच्या पैशातून निघून जातो. दहाचाकीवाल्याला ती सोय नाही.

"जुनी गाडी म्हणजे गॅरेजची भरती," हा आक्षेप निम्मा खरा आहे. न पाहता घेतली तर तसंच होतं. चेसिसला वेल्डिंग आहे का, पाट्यांची पानं बदललीत का, टायर रिमोल्डचे आहेत का, हे स्वतःच्या मेकॅनिककडून दिवसाउजेडी पाहून घ्यावं. थकलेली ई-चलनं आणि आरसीवरचा जुन्या फायनान्सचा बोजा उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, हेही हिशेबात धरावं. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 आलं. त्याआधीच्या गाडीत सेन्सरचं जंजाळ कमी, रस्त्यावरचा मिस्त्रीही तिला हात लावू शकतो. आणि जुन्या गाडीला कर्ज मिळत नाही, हा समज तर साफ चूक. श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स 1979 पासून वाढली तीच मुळात जुन्या ट्रकवाल्यांना कर्ज देऊन. व्याज चढं असतं, पण मुद्दल आटोक्यात राहतं.

"ओव्हरलोड भरल्याशिवाय परवडतच नाही," असं छातीठोक सांगणारे भेटतील. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यातला दंड वीस हजार आणि जादा टनामागे दोन हजार असा आहे. धरमकाट्यावर एकदा सापडलात की महिन्याची कमाई गेली, पाटे तुटतात ते निराळंच.

दोन गोष्टी सीएला विचारायच्या आधीच माहीत असू द्या. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याने पॅनसह लेखी घोषणापत्र दिलं की भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. आणि स्वतःची बिल्टी न फाडता ट्रान्सपोर्टरला गाडी भाड्याने दिली तर त्या भाड्यावर जीएसटी नाही. अनेक नवखे पहिल्याच वर्षी हे पैसे फुकट घालवतात.

छोट्या गाडीचं कर्ज फिटून, परतीचं भाडं देणारी चार माणसं ओळखीची झाली, की खुशाल दहाचाकी बघा. तोवर शोरूमची पायरी चढू नका.