निवारा हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य व्हावे

घरात मार खाणाऱ्या स्त्रीला कायद्याने काय काय दिले आहे, याची यादी आज लहान नाही. २००५ साली संमत झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियम तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, तिच्या अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे ३ दिवसांत ठेवावी आणि ६० दिवसांत निकाल देण्याचा यत्न करावा असे न्यायदंडाधिकाऱ्यास सांगतो, आणि तिने विनंती केल्यास निवारागृहाच्या प्रमुखाने तिला आश्रय दिलाच पाहिजे असेही आपल्या सहाव्या कलमात निःसंदिग्ध शब्दांत नमूद करतो. परंतु ज्या निवारागृहाने तिला आश्रय द्यायचा, ते तिच्या शहरात वा तालुक्यात असलेच पाहिजे, ते चालवण्याची जबाबदारी तिच्याच दाराशी कर वसूल करणाऱ्या स्थानिक संस्थेची आहे, आणि त्या संस्थेने कसूर केल्यास तिला जाब विचारता येईल, अशी तजवीज आपण अद्याप केलेली नाही. अधिनियमाला जवळजवळ १९ वर्षे होत आली असताना, तालुका व जिल्हा पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा आणि निवारागृहे निश्चित करा, असे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना फर्मावावे लागले, यातच सारी कैफियत आली.

ही उणीव किती जीवघेणी आहे, हे अशा स्त्रीची एक रात्र डोळ्यांसमोर आणल्याखेरीज कळणार नाही. ती अकरा-साडेअकराला घराबाहेर पडते तेव्हा कडेवर धाकटे मूल असते, थोरल्याच्या पाठीवर शाळेचे दप्तर असते, आणि पिशवीत हाताला लागले ते दोन कपडे असतात. रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले नवऱ्याच्या कपाटात कुलूपबंद राहिलेले असतात. चौकीवर तिला पुष्कळदा ऐकावे लागते, की सकाळी या, दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालू. माहेरी गेली तर दोन दिवस राहा, मग आम्हीच सोडायला येतो, असे सांगणारे आईबाप दुष्ट असतात असे नाही. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते आणि नांदती मुलगी परत आली हे भावकीला सांगायचे त्यांच्याने होत नाही. आश्रयगृह सापडलेच, तर ठराविक वयावरच्या मुलाला तेथे मज्जाव असतो, आणि आईने एकीकडे व मुलाने दुसरीकडे राहायचे, या कल्पनेनेच ती माघारी फिरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती आणि कोणाजवळ वाच्यताही केली नव्हती. मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के होत्या. या मौनाला आपण सोशिकपणा म्हणत आलो. वस्तुतः बोलल्यानंतर आजची रात्र कोठे काढायची, या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे पत्करलेले ते मौन आहे.

यावर असा एक आक्षेप येतो, आणि तो सद्भावनेने येतो, की घर तिचेही आहे, तर बाहेर तिने का पडावे. मारणाऱ्याला बाहेर काढावे. तत्त्व म्हणून हे शंभर टक्के मान्य, आणि अधिनियमाच्या १९ व्या कलमान्वये न्यायालय तसा हुकूमही देऊ शकते. पण हुकूम मिळेपर्यंतचे दिवस, आणि हुकूम झाल्यावर चिडलेल्या माणसाच्या रागाचे दिवस, हेच तिच्या जिवाला सर्वांत धोक्याचे असतात. सुरक्षित जागी निर्भयपणे बसून, वकिलाशी बोलून, दोन रात्री शांत झोपून जी स्त्री विचार करते, तीच आपल्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढू शकते. म्हणून निवारा हा घरावरच्या हक्काला पर्याय नसून त्या हक्काचा आधार आहे.

पालिकेने मनात आणले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण परमुलखात शोधण्याचे कारण नाही. मुंबई महानगरपालिकेने ‘सेहत’ या संस्थेच्या सहकार्याने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. न्हाणीत पाय घसरून पडले, असे सांगणाऱ्या बाईच्या दंडावरचे वळ परिचारिकेला काही निराळेच सांगत असतात; अशा वेळी औषधाची चिठ्ठी देऊन तिला वाटेला न लावता त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवायचे, आणि घरी जाणे धोक्याचे दिसले तर निरीक्षणाखाली ठेवून ती रात्र रुग्णालयातच काढू द्यायची, ही पद्धत तेथे रुजली व पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेली. केसपेपर काढायला आलेल्या बाईवर कोणी संशय घेत नाही, हे त्या योजनेचे मर्म. पण रुग्णालयातली एखाद-दुसरी रात्र संपली की पुढे काय, हा प्रश्न तेथेही उरतोच. हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीच्या केंद्र शासनाच्या ‘सखी’ केंद्रातला मुक्काम मुळात पाच दिवसांच्या मुदतीचा. आणि पाच दिवसांत मोडलेला हातही जुळून येत नाही, मग मोडलेला संसार मार्गी कोठून लागणार?

इंग्लंडचा अनुभव येथे विचारात घेण्याजोगा आहे. १९७१ साली लंडनच्या चिस्विक भागात एरिन पिझी यांनी अशा स्त्रियांसाठी आश्रयस्थान उघडले, तेव्हा कोणालाही परत पाठवायचे नाही हा त्यांचा शिरस्ता होता. स्थानिक काउन्सिलने घालून दिलेली ३६ माणसांची मर्यादा मोडून त्या घरात ७५ जण आढळले, आणि त्यापायी त्यांच्यावर खटला होऊन तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. गर्दी केल्याचा दोष शाबित झाला. पण एवढ्या स्त्रियांना जागा देणे कोणाचे काम होते, हा प्रश्न त्या निकालाने सुटला नाही. २०२१ च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्याने त्याचे उत्तर दिले. आपल्या हद्दीत किती जणांना सुरक्षित निवासातील साहाय्याची गरज आहे याची पाहणी करणे, त्यानुसार धोरण आखून ते प्रसिद्ध करणे, साहाय्य पुरवणे आणि वर्षाकाठी त्याचा अहवाल शासनाला देणे, हे तेथील मोठ्या स्थानिक संस्थांवर आता बंधनकारक आहे. त्याआधी, २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात, तेथील कित्येक निवाऱ्यांच्या पैशाला कात्री लागली होती. जे ऐच्छिक असते त्यावर तंगीच्या दिवसांत पहिली कुऱ्हाड पडते, हा त्यातून घ्यायचा धडा.

आपल्याकडेही भेद नेमका हाच आहे. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे ६३ वे कलम पालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगते आणि ६६ वे ऐच्छिक. पाणी, दिवाबत्ती, अग्निशमन दल पहिल्या यादीत आहेत. आग रोज लागत नाही म्हणून बंब विकून टाकावा, असे कोणी सुचवत नाही. मग निवाऱ्यातल्या काही खाटा एखाद्या महिन्यात रिकाम्या राहिल्या तर तो अपव्यय का ठरावा? कौटुंबिक हिंसाचारापासून आश्रय हे कर्तव्य त्या ६३ व्या कलमात स्वतंत्रपणे दाखल व्हावे, आणि नगरपालिका व जिल्हा परिषदांच्या कायद्यांतही तशी तरतूद व्हावी, ही माझी स्पष्ट मागणी आहे. आईबरोबर मुले राहू शकतील, मग ती कितीही वयाची असोत. आधी फिर्याद द्या, मग खोली मिळेल, असे कोणी म्हणणार नाही. पत्ता गुप्त राहील. शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि रोजगार यांसाठी एकच कर्मचारी शेवटपर्यंत तिच्या पाठीशी राहील. एवढे तरी त्या तरतुदीत असावे.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे, पण निरुत्तर करणारा नाही. महिला व बालकल्याणासाठी शहरांच्या अर्थसंकल्पात ५ टक्के आणि जिल्हा परिषदांच्या स्वउत्पन्नात १० टक्के रक्कम राखून ठेवण्याचा दंडक आहेच. या रकमेतून होणाऱ्या शिलाई यंत्रांच्या वाटपाला माझा विरोध नाही. परंतु जिला रात्री पाठ टेकायला जागा नाही, ती ते यंत्र मांडणार कोठे, याचा विचार खर्चाची मंजुरी देताना झाला पाहिजे.

१८६३ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन स्थापिले, १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. तेव्हा सार्वत्रिक मताधिकार नव्हता, आणि निराधार स्त्रीचा भार एकेका व्यक्तीला शिव्याशाप सोसून उचलावा लागला. आज महाराष्ट्राच्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, हाती कर आहे, इमारती आहेत आणि ठराव करण्याचा अख्त्यार आहे. एवढे असूनही हे काम चार सेवाभावी संस्थांच्या दातृत्वावर सोडणे म्हणजे स्वराज्याने आपले कर्तव्य धर्मादायाकडे गहाण ठेवणे होय. अर्थसंकल्पाच्या पुढच्या सभेत प्रत्येक नागरिकाने आपल्या प्रभागाच्या सदस्याला एवढेच विचारावे, की आपल्या शहरात अशा किती खाटा आहेत, आणि नसतील तर त्या कोणत्या तारखेपर्यंत होतील.