कॉफी म्हणजे गरम दूध नव्हे!

नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान आटोपलेले, अंगाला उटण्याचा वास, समोर फराळाचे ताट. अशा वेळी घरातले कुणीतरी विचारते, "चहा घेणार की कॉफी?" येथवर सारे मंगल असते. पाहुण्याने "कॉफी" म्हटले की अमंगलाला सुरुवात होते. कपात येते ते साय धरलेले, साखरेने जड झालेले, जायफळाच्या वासाचे तपकिरी दूध. पाहुणा ते पितो आणि "वा!" म्हणतो, कारण सणासुदीला इतके खोटे बोलण्याची आपल्याकडे मुभा आहे. मी मात्र आज ती मुभा घेणार नाही. आपल्या बहुतेक मराठी घरांत कॉफीच्या नावाने जे दिले जाते, ती कॉफी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल, कॉफी हे मुळी आपले पेयच नव्हे. मग चहा तरी आपल्या कोणत्या पूर्वजांनी प्यायला होता? उलट कॉफी आपल्या उंबऱ्याशी पिकते. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा आहे. ती कथा खरी असो वा नसो, तो डोंगर खरा आहे आणि आजही त्या साधूच्याच नावाने ओळखला जातो. कोल्हापूरहून रात्री निघालेला माणूस सकाळी तेथे पोहोचतो. भारतात वर्षाला सुमारे साडेतीन लाख टन कॉफी पिकते, त्यातली सुमारे सत्तर टक्के एकट्या कर्नाटकात. या पिकाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग परदेशी जातो. शेजारच्या अंगणातला आंबा परगावचे लोक चवीने खातात आणि आपण मात्र त्याच्या नावाचे सरबत पाकिटातून आणून पितो, तशातली ही गोष्ट आहे.

आता त्या पाकिटाकडे वळू. वाचकहो, आपल्या फडताळातली कॉफीची बरणी खाली काढा आणि तिच्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचा. पुष्कळ बरण्यांवर "कॉफी-चिकोरी मिश्रण" असे छापलेले आढळेल. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्याने रंग गडद होतो, दाटपणा येतो. पण त्यात कॉफीचा गंध नाही आणि तरतरीही नाही. आपल्या कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते. म्हणजे उरलेले ४९ टक्के मूळ असले तरी कायद्याची हरकत नाही. दक्षिणेतले कित्येक रसिक थोडी चिकोरी आवडीने घालतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. ते जाणून घालतात. आपण न वाचता पितो, भांडण आहे ते त्याच्याशी.

राहता राहिली ती झटपट विरघळणारी भुकटी. ही कॉफी कारखान्यात आधीच कुणीतरी करून, वाळवून ठेवलेली असते; आपण तिच्यावर पाणी ओतून तिला उठवून बसवतो, एवढेच. प्रवासात, वसतिगृहात ती उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. पण दिवाळीला आपण वाळवलेल्या चकल्यांची पूड पाण्यात कालवून पाहुण्यापुढे ठेवतो काय?

या आळशी पंथाच्या अगदी उलट दुसरा एक पंथ अलीकडे निघाला आहे, तो यंत्रपूजकांचा. महिन्याचा पगार खर्चून ओट्यावर चकचकीत यंत्र आणायचे आणि त्यात सहा महिन्यांपूर्वी दळलेली पूड घालायची. हे म्हणजे चांदीच्या ताटात शिळा भात! खर्चाचा क्रम उलटा हवा. पहिला पैसा ताज्या भाजलेल्या बियांवर, दुसरा दळण्यावर, आणि उरला तर भांड्यावर. भाजलेल्या बीच्या पोटात तिचा गंध सुरक्षित असतो. दळताक्षणी तो उडू लागतो. म्हणून लागेल तेवढेच दळावे. तेही पात्याच्या यंत्रात नव्हे. पाते बी तोडते. त्यातून निम्मी धूळ आणि निम्मे खडे निघतात. धुळीतून कडवटपणा उतरतो आणि खडे कच्चे, आंबूस राहतात. जाते आणि खलबत्ता यांतला फरक ज्या समाजाच्या आज्यांना ठाऊक होता, त्याला हे समजावून सांगावे लागू नये. हाताने फिरवायची, जात्यासारखी दळणारी लहान चक्की मिळते, ती घ्यावी. तेही जमत नसेल तर माटुंग्यासारख्या ठिकाणी समोर दळून देणारी दुकाने आहेत. तेथून आठवड्यापुरती पूड आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावी.

भांडे साधे चालते. १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला भोके पाडली, त्यात मुलाच्या वहीचा टीपकागद घातला आणि गाळीव कॉफीचा नवा मार्ग जगाला दिला. आपल्याकडचे दाक्षिणात्य दुमजली फिल्टर तर त्याहून सोपे. वरच्या भांड्यात चार चमचे पूड घालून दट्ट्याने अलगद बसवावी. दाबून ठासू नये. पाणी उकळल्यावर अर्धा मिनिट थांबावे, कारण खळखळते पाणी कडवटपणाही ओढून काढते. आधी थोडे पाणी घालून पूड फुगू द्यावी, मग उरलेले, एकंदर अर्धा पेला, ओतून झाकण लावावे. पंधरा-वीस मिनिटांत खाली दाट अर्क उतरतो. तो पुन्हा उकळू नये. एक भाग अर्क आणि दोन-तीन भाग नुकतेच तापवलेले दूध, एवढेच प्रमाण. आधी साखरेवाचून एक घोट घ्या, आणि मग साखरेचा डबा उघडा.

"पण आमचे जायफळ?" असा आवाज स्वयंपाकघरातून येईलच. जायफळाला मी वंदन करतो. श्रीखंडात, पुरणात त्याचे राज्य अबाधित असो. दुधातही ते शोभते. फक्त त्या दुधाला जायफळाचे दूध म्हणावे. "आणि एवढा वेळ कुणाला आहे?" वेळ फिल्टरला लागतो, माणसाला नाही. पातेल्यात दूध-कॉफी उकळत ठेवणाऱ्या बाईला ते उतू जाईपर्यंत तेथून हलता येत नाही. फिल्टर एकदा भरले की ते आपले काम मुकाट्याने करते.

आणि ते कुणीही भरू शकते. माझ्या या साऱ्या तक्रारीचे खरे टोक येथे आहे. ज्या बाईने आठ दिवस कढईपुढे उभे राहून फराळ केला, तिनेच पहाटे उठून सर्वांसाठी कॉफी उकळायची आणि आपला कप गार झाल्यावर प्यायचा, ही आपल्या घरांतली रीत. ही रीत कोणत्याही शिळ्या पुडीहून कडू आहे. तेव्हा पुरुषमंडळींनो, यंदा पहिल्या अंघोळीच्या पहाटे बी तुम्ही दळा, फिल्टर तुम्ही भरा, दूध तुम्ही तापवा. आणि पहिला, वाफाळता कप तिच्या हाती द्या. ती "वा!" म्हणाली तर ते खोटे नसेल. आणि काहीच न बोलता दुसरा कप मागितला, तर समजा की तुमच्या घरी खरी कॉफी झाली.