सुटल्यावर पुढे काय?

स्पर्धा परीक्षेच्या मागे तुमची दोन-तीन वर्षं जातात, तरी नोकरीचा पत्ता नसतो. मग जेल भोगून आलेल्याला सरकारने मदत का करायची? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच जरा हिशोब मांडून बघू.

आधी खर्च. आत असताना प्रशिक्षण, सुटल्यावर काही महिने निवारा, कागदपत्रं, काम मिळवून देणारी माणसं, या सगळ्याला पैसा लागतो. शिवाय गॅरंटी नाही. मदत घेऊनही काहीजण पुन्हा गुन्हा करतातच.

आता मदत न करण्याचा खर्च. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते, म्हणजे क्षमतेच्या १३१ टक्के. त्यातले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, गुन्हा सिद्धच न झालेले! बाहेर आल्यावर त्यांनाही भाड्याने खोली मिळणं मुश्कील आणि नोकरी पोलीस व्हेरिफिकेशनपाशी अडते. वैतागून कुणी पुन्हा आत गेला, तर जेवण, पहारा, कोर्टाच्या तारखा आपल्याच करातून. आणि नव्या गुन्ह्यात ज्याचं नुकसान होतं, त्याचा हिशोब कुठल्याच बजेटमध्ये नसतो.

अमेरिकेतल्या रँड संस्थेने २०१३ मध्ये हे मोजलं. तुरुंगातल्या शिक्षणावर एक डॉलर घातला, की पुढच्या तीन वर्षांत पुन्हा कैदेवर होणारे चार-पाच डॉलर वाचतात. तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण कल्पना परकी नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली होती. ‘दो आँखें बारह हाथ’ तिच्यावरूनच सुचला.

मग घोडं अडतं कुठे? खर्च आज दिसतो, बचत काही वर्षांनी, तीही भलत्याच खात्यात. केंद्राच्या २०२३ च्या आदर्श कारागृह कायद्यात सुटकेनंतरच्या पुनर्वसनाची तरतूद आहे. पण तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे अंमल राज्यांच्या मर्जीवर.

सगळ्यांना सगळं देणं परवडणार नाही, हे खरं. सुरुवात कच्च्या कैद्यांपासून आणि पहिल्यांदाच शिक्षा झालेल्यांपासून करावी. कागदपत्रं, तीन महिने छप्पर आणि काम, एवढं द्यावं. किती जण परत आत आले, ते दरवर्षी जाहीर करावं. आकडा घटला नाही, तर योजना बदला. बहुतेक कैदी आज ना उद्या बाहेर येणारच आहेत, कदाचित तुमच्याच गल्लीत. तेव्हा त्यांच्या हाताला काम असलेलं तुम्हाला परवडेल की नसलेलं?